खुराक, नोकरी, करार : बास्केटबॉलपटूच्या व्यावसायिकतेची पूर्वपीठिका

भोपाळच्या नैऋत्येला नेहरूनगरच्या शेजारी वसलेली कोटरा सुल्तानाबाद ही वस्ती राजधानीच्या वाढीबरोबर भरत गेलेल्या भागांपैकी एक आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना होऊन नागपूरचे राजधानीपण संपले आणि भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले, तेव्हा जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कचेऱ्यांतील कर्मचाऱ्यांचा मोठा वर्ग, त्यात मराठीभाषकही, दप्तरासह या शहरात आला आणि सरकारी नोकरीभोवती फिरणारे एक नवे शहरी जीवन येथे आकाराला आले. अशा शहरातील एखादा बास्केटबॉलपटू आंतरविद्यापीठ व राज्य पातळीवर नाव कमावतो आणि व्यावसायिक व्हावे की काय असा विचार करू लागतो, त्या वेळी त्याच्यापुढचा प्रश्न पैसा की प्रतिष्ठा असा नसतो. तो करार की कायम नोकरी असा असतो. युरोपातील क्रीडा-इतिहासात हौशी म्हणजे खेळाचा मोबदला न घेणारा आणि व्यावसायिक म्हणजे तो घेणारा, अशी सरळ विभागणी होती. महाराष्ट्रात व मध्य भारतात मात्र हौशी खेळाडूला मोबदला नेहमीच मिळत आला, फक्त तो खुराक, संस्थानी चाकरी आणि पुढे खात्यातील नोकरी या वाटांनी मिळाला. म्हणून येथे व्यावसायिक होणे म्हणजे पहिल्यांदा पैसे घेणे नव्हे, तर एका आश्रयदात्याचे घर सोडून दुसऱ्याच्या दारात उभे राहणे आहे, आणि हा फरक ध्यानात घेतल्याखेरीज भारतीय बास्केटबॉलमध्ये व्यावसायिक लीग इतक्या उशिरा का आल्या व आल्या तरी स्थिरावल्या का नाहीत, हे उलगडत नाही.

हौशीपणाची कल्पना मुळात एका वर्गाची होती. इंग्लंडच्या क्रिकेटमध्ये ‘जंटलमेन’ म्हणजे खेळावर पोट अवलंबून नसलेले आणि ‘प्लेयर्स’ म्हणजे मजुरीवर खेळणारे असे दोन गट होते. त्यांची वस्त्रांतरगृहे वेगळी असत, मैदानात उतरण्याची फाटकेही काही ठिकाणी वेगळी असत, आणि गुणपत्रिकेवर हौशी खेळाडूची आद्याक्षरे आडनावाच्या आधी तर मजुरीच्या खेळाडूची आडनावानंतर छापली जात. ही विभागणी १९६२ साली अधिकृतपणे संपली. हिंदुस्थानात ती जशीच्या तशी उतरली नाही, पण तिच्या खालचा भाव उतरला आणि त्याला जातीची जोड मिळाली. पुण्यातील इंग्रजांच्या क्लबात खेळपट्टी राखणारा आणि साहेबांना सरावासाठी तासन्‌तास चेंडू टाकणारा पाळवणकर बाळू महिना चार रुपयांवर काम करत होता. पुढे १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभराहून अधिक बळी घेतले, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्याच्याकडे आले नाही. बाळूची कहाणी सहसा अस्पृश्यतेच्या इतिहासात सांगितली जाते आणि ते योग्यच आहे. परंतु खेळातून पगार घेणाऱ्याकडे समाज कसा पाहत होता याचीही ती साक्ष आहे.

बास्केटबॉलचा जन्मच हौशीपणाच्या छत्राखाली झाला. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे वाय.एम.सी.ए. या ख्रिस्ती तरुणसंघटनेच्या प्रशिक्षण विद्यालयात जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने हिवाळ्यात बंदिस्त जागी खेळता यावा म्हणून पीचच्या टोपल्या टांगून आणि तेरा नियम लिहून हा खेळ सिद्ध केला. हेतू शरीराबरोबर चारित्र्य घडवण्याचा होता, तिकिटे विकण्याचा नव्हता. तरीही खेळ पाच वर्षांचा होतो न होतो तोच न्यू जर्सीतील ट्रेंटन येथील काही खेळाडूंचे वाय.एम.सी.ए.शी बिनसले, त्यांनी भाड्याने सभागृह घेतले, प्रेक्षकांकडून प्रवेशशुल्क आकारले आणि खर्च वजा जाता उरलेली रक्कम, प्रत्येकी सुमारे १५ डॉलर, आपसांत वाटून घेतली अशी नोंद सांगितली जाते. खेळाच्या शोधकर्त्याला ही दिशा रुचली नाही.

हिंदुस्थानात हा खेळ त्याच वाय.एम.सी.ए.च्या हातून आला. एच. सी. बक यांनी १९२० मध्ये मद्रासला शारीरिक शिक्षणाचे विद्यालय सुरू केले आणि तेथून शिकून गेलेल्या शिक्षकांनी शाळा-महाविद्यालयांच्या आवारात बास्केटबॉलची मैदाने आखली. पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९३४ मध्ये दिल्लीत झाली, तर भारतीय बास्केटबॉल महासंघ १९५० मध्ये स्थापन झाला. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉलचा प्रथम समावेश झाला तेव्हा स्वतः नेस्मिथ तेथे हजर होता, आणि त्याच वर्षी त्याच शहरात अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली. या दोन्ही घटनांचा एकमेकींशी संबंध नव्हता. पण व्यायामाला राष्ट्रकार्य मानणारे वऱ्हाडातील मंडळ आणि व्यायामाला धर्मकार्य मानणारी अमेरिकेची संघटना, दोघांच्याही मते खेळाडूने पैशाचे नाव काढणे अनुचितच होते.

कुस्तीच्या आखाड्यात या संकोचाला जागाच नव्हती. मल्लाला दूध, तूप, बदाम यांचा खुराक लागतो, तो घरच्या शेतीतून निघत नाही, म्हणून कोणीतरी धनी पाठीशी असावा लागतो, हे गावोगावी मान्य होते; जत्रेतील जोड्या इनामावर लागत आणि इनामाची रक्कम फडावर सर्वांसमक्ष पुकारली जाई. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी देशभरचे मल्ल आपल्या पदरी ठेवले, तालमींना आश्रय दिला आणि १९१२ च्या सुमारास पूर्ण झालेले खासबाग मैदान उभे केले. या व्यवस्थेत मल्ल मोबदला घेतो म्हणून त्याची प्रतिष्ठा उणावत नसे, उलट मोठ्या दरबाराचा मल्ल म्हणून ती वाढे. त्याच प्रदेशातून नियमावलीतले हौशी खेळाडूही निघाले: पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या क्रीडामेळाव्यातून पुढे आलेल्या खेळाडूंचा छोटा संघ सर दोराबजी टाटांच्या पुढाकाराने १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला गेला आणि त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले, कोल्हापूरचे रणधीर शिंदे अशी मंडळी होती. फडावर इनाम आणि ऑलिंपिकमध्ये विनामोबदला, अशी दोन नीतिशास्त्रे एकाच मातीत शेजारी शेजारी नांदत होती.

मध्य भारतातील मराठी संस्थानांनी या दोहोंच्या मधला मार्ग काढला आणि तोच पुढे सबंध देशाने उचलला. इंदूरच्या होळकरांनी १९२३ मध्ये नागपूरचे क्रिकेटपटू सी. के. नायडू यांना बोलावून आपल्या लष्करात कॅप्टनचा हुद्दा दिला. मुश्ताक अलीही याच आश्रयाखाली वाढले, आणि या जमवाजमवीचे फळ म्हणून होळकर संघाने १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात रणजी करंडक चार वेळा जिंकला. सांगलीच्या विजय हजारेंना देवासच्या पवारांनी हाताशी धरले, पुढे ते बडोद्याच्या गायकवाडांकडे गेले. ध्यानचंदांचे धाकटे बंधू रूपसिंग ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या फौजेत होते. कागदोपत्री हे सर्व लष्करी अधिकारी, मैदानावर मात्र हौशी खेळाडू. पगार हुद्द्याचा आणि अपेक्षा धावांची वा गोलांची. क्रीडा नियामकांच्या दृष्टीने त्यात नियमभंग नव्हता, कारण खेळण्याबद्दल कोणीच काही देत नव्हते. या दांभिकपणाला फार हसण्याचे कारण नाही. त्याने निदान खेळाडूला बाळूसारखे चार रुपयांच्या मजुरीवर ठेवले नाही.

भोपाळमध्ये हीच भूमिका नवाब हमीदुल्ला खानांनी बजावली. १९२६ पासून संस्थान विलीन होईपर्यंत राज्य करणारे हे नवाब स्वतः पोलोचे नामांकित खेळाडू होते, क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्षही झाले, आणि त्यांच्या काळात भोपाळ हे हॉकीचे शहर म्हणून ओळखले जाऊ लागले. १९३६ च्या सुवर्णविजेत्या संघातील अहमद शेर खान आणि १९७५ च्या विश्वचषकविजेत्या संघातील त्यांचे पुत्र अस्लम शेर खान ही या परंपरेची दोन ठळक नावे होत. संस्थाने गेल्यावर खेळाडूंचा आश्रय मात्र गेला नाही, तो रेल्वे, पोलीस, सैन्यदले आणि इंडियन एअरलाइन्ससारख्या सार्वजनिक उपक्रमांकडे वळला. संस्थानी चाकरीपेक्षा रेल्वेची नोकरी अधिक भरवशाची असते, हे खेळाडूंनी स्वातंत्र्यापूर्वीच ओळखले होते. महूचे किशनलाल टीकमगडच्या भगवंत क्लबकडून खेळत असत, ते १९४१ मध्ये बी.बी. अँड सी.आय. रेल्वेकडे गेले आणि १९४८ मध्ये स्वतंत्र भारताच्या सुवर्णविजेत्या हॉकी संघाचे कर्णधार झाले.

या नव्या व्यवस्थेची किंमत काय होती, हे मल्ल खाशाबा जाधवांच्या चरित्रात सर्वांत स्पष्ट दिसते. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी त्यांना पैसे गोळा करत हिंडावे लागले आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून त्यांना ७,००० रुपये उभे करून दिले. खाशाबांनी कांस्यपदक आणले, स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरले, आणि त्यानंतर १९५५ मध्ये त्यांना पोलीस दलात उपनिरीक्षकाची नोकरी मिळाली. बढतीसाठी मात्र त्यांना दोन दशकांहून अधिक काळ थांबावे लागले. पदकापूर्वी समाजाची वर्गणी आणि पदकानंतर शासनाची नोकरी, हा क्रम पुढे अनेक दशके मराठी खेळाडूंच्या घराघरांत एक प्रकारचा अलिखित नियम होऊन बसला.

बास्केटबॉलच्या मराठी भूगोलात दोन ठिकाणे विशेष महत्त्वाची आहेत. पहिले मुंबईतील नागपाडा. १८१३ पासून मुंबईत काम करणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनने १९२७ मध्ये या दाट, कष्टकरी आणि बहुधर्मी वस्तीत ‘नागपाडा नेबरहूड हाऊस’ हे समाजकेंद्र सुरू केले. त्याचे संचालक क्लिफर्ड मॅनशार्ट हे पुढे १९३६ मध्ये टाटांच्या समाजकार्य विद्यालयाचे पहिले संचालक झाले, जे आज टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस म्हणून ओळखले जाते. समाजकेंद्राच्या कामात खेळ हे साधन होते; पण नागपाड्यातील पोरांनी त्या साधनालाच साध्य केले, आणि येथील मस्तान वाय.एम.सी.ए. व बच्चूखान मैदान ही नावे देशभरच्या बास्केटबॉलमध्ये दुमदुमू लागली. या गल्ल्यांतून आलेले गुलाम अब्बास मुन्तसिर भारताकडून खेळले व १९७० चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. नागपाड्यातील खेळाडूसाठी चेंडू हा वस्तीबाहेर नेणारा रस्ता होता आणि त्या रस्त्याच्या टोकाला एखाद्या कंपनीचे वा रेल्वेचे नेमणूकपत्र असे.

दुसरे ठिकाण नागपूर. तेथे हा खेळ कष्टकऱ्यांच्या वस्तीपेक्षा मध्यमवर्गीय वसाहतींत रुजला. शिवाजीनगर जिमखाना, धरमपेठ क्रीडा मंडळ यांसारख्या मंडळांच्या मैदानांवर संध्याकाळी शाळकरी मुले-मुली जमत, जुने खेळाडू बहुधा विनामोबदला शिकवत, आणि खेळातून पुढे काय मिळते यापेक्षा अभ्यास सांभाळून खेळ किती करता येतो, हा पालकांचा मुख्य प्रश्न असे. १९५६ नंतर भोपाळला गेलेल्या मराठी कुटुंबांचा पिंडही याच प्रकारचा होता. टी. टी. नगरचे स्टेडियम, ज्याचे नाव येवल्यात जन्मलेल्या आणि शिवपुरीला फाशी गेलेल्या तात्या टोप्यांवरून आले आहे, हे शहराच्या खेळाचे केंद्र झाले. परंतु हॉकीला येथे जो लोकाश्रय होता तो बास्केटबॉलला कधी मिळाला नाही. मध्य प्रदेशात या खेळाची खरी ठाणी इंदूर आणि, छत्तीसगड वेगळे होईपर्यंत, भिलाई हीच राहिली. भिलाईत पोलाद कारखान्याच्या आश्रयाने राजेश पटेल या प्रशिक्षकाने मुलींचे बलाढ्य संघ घडवले.

नोकरीच्या या व्यवस्थेचे कामकाज जवळून पाहिले म्हणजे तिचा टिकाऊपणा कळतो. रेल्वे स्पोर्ट्‌स प्रमोशन बोर्ड १९२८ मध्ये स्थापन झाले, आणि आजही रेल्वेची विभागीय कार्यालये खेळाडू कोट्याची जाहिरात काढतात, त्यात खेळ आणि खेळातील जागाही नमूद असते, म्हणजे संघाला उंच सेंटर हवा आहे की चेंडू खेळवणारा गार्ड हे अर्जदाराला आधीच कळते. मैदानावर चाचणी होते, प्रमाणपत्रे तपासली जातात, वयोमर्यादा बहुधा १८ ते २५ वर्षांची असते आणि अगदी अलीकडच्या दोन-तीन वर्षांतील कामगिरीच ग्राह्य धरली जाते. निवड झालेला खेळाडू लिपिक, तिकीट तपासनीस किंवा तांत्रिक कर्मचारी म्हणून रुजू होतो, स्पर्धेच्या काळात त्याला विशेष नैमित्तिक रजा मिळते, मोठ्या यशाबद्दल आगाऊ वेतनवाढी मिळतात, आणि गुडघा गेला किंवा वय झाले तरी तो टेबलावर बसून निवृत्तीपर्यंत पगार घेतो. राज्यांनीही हाच कित्ता गिरवला. महाराष्ट्राने २००५ मध्ये शासकीय सेवेत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण लागू केले. मध्य प्रदेशात विक्रम पुरस्काराच्या मानकऱ्याला उत्कृष्ट खेळाडू घोषित करून शासकीय नोकरी देण्याची पद्धत आहे. जगातल्या कोणत्याही लीगचा करार गुडघा गेलेल्या खेळाडूला पस्तीस वर्षांचा पगार देत नाही, हे गणित भोपाळच्या कर्मचारी-वसाहतीतील बापाला कोणी समजावून सांगावे लागत नाही.

महाराष्ट्रातील कबड्डीने या व्यवस्थेला उघड नावच दिले होते. मुंबईच्या स्पर्धांत मंडळांच्या संघांचा ‘स्थानिक गट’ आणि बँका, बंदर, पेट्रोलियम कंपन्या, मोटार कारखाने यांच्या संघांचा ‘व्यावसायिक गट’ असे दोन गट असत. व्यावसायिक याचा अर्थ तेथे पूर्णवेळ खेळाडू असा नसून आस्थापनेचा नोकर-खेळाडू असा होता. २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग आली, पहिल्या लिलावात राकेश कुमारवर १२ लाख ८० हजारांची सर्वोच्च बोली लागली आणि चारच वर्षांत मोनू गोयतची बोली १ कोटी ५१ लाखांवर गेली. गमतीचा भाग असा की या लीगला मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय महासंघाच्या नावात तेव्हाही ‘अमॅच्युअर’ हा शब्द होता. खेळाडूंनी मात्र नोकऱ्या सोडल्या नाहीत. त्यांतील बहुतेकांनी खात्याची परवानगी घेऊन तीन महिने लीग खेळायची आणि परत हजेरीपटावर सही करायची, असा मार्ग पत्करला. लीगचा हंगाम आखूड होता आणि खात्यालाही आपला खेळाडू दूरचित्रवाणीवर झळकल्याचे अप्रूप होते, म्हणून हे जमून गेले.

बास्केटबॉलमध्ये हे तितक्या सहजपणे जमले नाही. आंतरराष्ट्रीय महासंघाने १९८९ मध्ये हौशी-व्यावसायिक भेद काढून टाकला, १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचे नामांकित व्यावसायिक उतरले, आणि ज्या नियमाच्या आडोशाने खात्यांचे संघ उभे होते तो नियमच नाहीसा झाला. भारतात मात्र त्याने काहीच बदलले नाही, कारण येथील खेळाडू त्या नियमामुळे नोकरीत नव्हते, नोकरीखेरीज दुसरे काही नव्हते म्हणून नोकरीत होते. २०१० मध्ये भारतीय महासंघाने आयएमजी-रिलायन्सशी तीस वर्षांचा करार केला, पण अपेक्षित लीग प्रत्यक्षात उतरली नाही. २०१५ मध्ये अमेरिकन पुढाकाराने यूबीए लीग सुरू झाली. त्यात मुंबई चॅलेंजर्स, पुणे पेशवाज असे संघ होते, आणि २०१७ नंतर तीही थांबली. २०२२ मध्ये महासंघाच्या छत्राखाली इंडियन नॅशनल बास्केटबॉल लीग आली. मध्यंतरी पंजाबच्या सतनामसिंगची २०१५ मध्ये डॅलस मॅव्हरिक्सने ५२ व्या क्रमांकावर निवड केली आणि एनबीए या अमेरिकन लीगच्या निवडप्रक्रियेत नाव पुकारले गेलेला तो पहिला भारतीय ठरला. त्या बातमीने जितकी स्वप्ने जागवली, तितके करार तिच्यामागून आले नाहीत.

परदेशी क्लबांशी जोडल्या गेलेल्या दोघांची उदाहरणे येथे अधिक बोलकी आहेत. दक्षिण रेल्वेच्या गीतू ॲना जोस ऑस्ट्रेलियातील रिंगवुड क्लबकडून खेळल्या, २०११ मध्ये अमेरिकेतील महिला लीगच्या संघांनी त्यांना चाचणीसाठी बोलावले, आणि या सर्व काळात रेल्वे हेच त्यांचे मूळ ठिकाण राहिले. वाराणसीचे विशेष भृगुवंशी हे ओएनजीसीच्या संघाचे खेळाडू. २०१७ मध्ये त्यांचा ऑस्ट्रेलियाच्या ॲडलेड थर्टीसिक्सर्सशी करार झाला. दोघांनीही व्यावसायिक होणे हे नोकरीच्या जागी नव्हे, नोकरीच्या जोडीला स्वीकारले. मुलींच्या बाबतीत तर पर्याय आणखी अरुंद आहेत. पुण्याची शिरीन लिमये भारताच्या महिला संघाची कर्णधार झाली, राष्ट्रीय स्पर्धांत महिलांच्या गटावर रेल्वेच्या संघाचे दीर्घकाळ वर्चस्व राहिले, आणि उत्तम महिला खेळाडू एकाच आस्थापनेत एकवटल्यामुळे राज्यांचे संघ, पर्यायाने राज्यांतील प्रेक्षकही, त्यांना मुकत गेले. राज्याच्या प्रेक्षकाला आपली म्हणून ओळखता येईल अशी खेळाडूच उरली नाही, तर शहरांच्या नावाने चालणाऱ्या लीगला पाठीराखे कोठून मिळणार, हा विचार धोरण ठरवणाऱ्यांनी फारसा केलेला दिसत नाही.

कोटरा सुल्तानाबादसारख्या वस्तीतील बावीस-तेवीस वर्षांच्या खेळाडूपुढे आज लीगचा करार आला, तर त्याच्या हिशेबात पहिली बाब मानधनाची नसून वयाची असते. रेल्वेच्या कोट्यासाठी पंचविशीची मर्यादा आणि अलीकडच्या राष्ट्रीय स्पर्धेतील सहभाग या दोन्ही अटी एकाच वेळी धावत असतात. लीगच्या एक-दोन हंगामांत गुंतून राष्ट्रीय स्पर्धा हुकली आणि लीग बंद पडली, तर नेमणुकीची दोन्ही दारे एकदम लागतात. म्हणून अनेक खेळाडू आधी नेमणूकपत्र हाती घेतात, परिवीक्षेचा काळ पुरा करतात, आणि मग खात्याकडे ना-हरकत प्रमाणपत्रासाठी अर्ज करून लीगच्या निवडचाचणीला उतरतात. व्यावसायिक व्हायचे की नाही, याचा निर्णय अशा वेळी खेळाडूइतकाच त्या अर्जावर सही करणाऱ्या क्रीडा अधिकाऱ्याच्या हाती असतो.